रशियन विभागातल्या स्तेफाबाई

कॅनडातल्या विनिपेगच्या उत्तर भागात दगड भिरकावला तर तो युक्रेनी माणसालाच लागेल, एवढी आमची वस्ती. तरी विद्यापीठात युक्रेनी शिकवणाऱ्या स्तेफाबाईंची खोली रशियन विभागात, अगदी टोकाला, झेरॉक्स मशीनशेजारी. "मी इथली पोटभाडेकरू," त्या म्हणायच्या. युक्रेनीचे वर्ग होते, पदवी नव्हती. आपल्या भाषेला तिच्या नावाची पदवी मिळालेली बघूनच निवृत्त व्हायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट. विभागप्रमुख बदलत गेले, उत्तर बदललं नाही: त्या भागाच्या अभ्यासाला रशियन पुरे.

मग रशियानं युक्रेनवर हल्ला केला, युद्ध पेटलं आणि सगळ्यांना स्तेफाबाई आठवल्या. वर्गात बसायला जागा उरेना. प्रमुख ग्रेडन कोटाला युक्रेनच्या झेंड्याची निळी-पिवळी फीत लावून फिरू लागले. पदवीचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत नक्की, असं ते दर बैठकीला सांगत. चर्चच्या तळघरात वारेनिकीत बटाट्याचं सारण भरताना बायका चिडवायच्या, "स्तेफा, लग्न ठरलं म्हणतेस, नवरा कुठाय?" बाई हसायच्या. त्यांचा विश्वास बसला होता, हेच वाईट झालं.

तिसऱ्या वर्षी बातम्या आटल्या, तसे विद्यार्थीही आटले. गरज सरो, वैद्य मरो. प्रस्ताव बारगळल्याचं ग्रेडननी जिन्यातच सांगितलं. विभागाचं नाव मात्र 'रशिया आणि शेजारी' करणार होते. त्यात तुम्ही आलातच की, असंही म्हणाले.

त्याच दुपारी झ्लाता आली. ही युक्रेनमधल्या मारियुपोलची, बाप रशियन बाँबहल्ल्यात ढिगाऱ्याखाली गेलेला. घरात रशियनच बोलत वाढली होती. आता मायलेकींनी ती भाषा घरातून हद्दपार केली होती. बाईंच्या भरवशावर वर्षभर पदवीची वाट बघत थांबली होती.

"बाई, शिष्यवृत्ती टिकवायची तर या आठवड्यात विषय सांगायचाय. माझे युक्रेनीचे वर्ग फक्त रशियनच्या पदवीत धरतात म्हणे." ती खाली बघत होती. "तुम्ही नको म्हणा. मी सोडून देते सगळं, कामाला लागते."

नको म्हणायला बाईंची जीभ नुसती शिवशिवत होती. जन्मभर तेच तर म्हणत आल्या होत्या. पण मग ही पोर कुठल्यातरी गोदामात खोकी उचलत म्हातारी होणार, हेही त्यांना दिसत होतं.

"घे," त्या म्हणाल्या. "रशियन घे."

"आईला काय सांगू?"

"सांग, बाईंनीच घ्यायला लावलं."

आणि ते खोटं नव्हतं.