कानामागची तीट

यंदाच्या दसऱ्याला, भर सकाळी, हस्तकलेच्या प्रदर्शनात आमच्या मावशीला लुटलं. मावशी मूळची सोयगावची. शहागंजमागच्या गल्लीत माझ्या शेजारच्या खोलीत एका शेठच्या दुकानासाठी चिनी मातीच्या बाहुल्या करायची. त्या बाहुल्यांखाली पाटी लागली त्या शेठच्या बायकोच्या नावाची. बक्षीसही तिलाच.

शेठाणीची बोटं मातीत कधी बुडाली नाहीत. मावशी पातळ माती फडक्यातून गाळायची, साच्यात ओतायची, कडेला थर धरला की उरलेली परत काढायची. बाहुलीचं डोकं बाहेर आलं की गालावरून कानापर्यंत साच्याच्या जोडाची रेघ. ती खरवडत दिवस जायचा. पांढरी धूळ भुवयांवर, भाकरीवर, छातीत. एवढं करूनही भट्टीत नाकं तडकायचीच.

"मावशी, तोंडाला फडकं बांधा."

"अन् फुंकर कुणाच्या तोंडानं मारू? तुझं तर भाषणातून रिकामं व्हत नाय."

माझी उरलेली पत्रकं ती बाहुल्या गुंडाळायला न्यायची. "लई छापतोस. कामाला तरी येऊ दे."

शेवटच्या भट्टीआधी प्रत्येकीच्या डाव्या कानामागं ती काळा ठिपका द्यायची. शेठ खेकसला, "डाग कशाला? माल खराब होतो."

"डाग नाय, तीट हाय. दृष्ट लागंल लेकराला."

मग ती ठिपका अशा जागी देऊ लागली की वर चिकटवलेल्या केसांत तो झाकला जाई. पण भाजलेला रंग तो. घासून जात नाही.

प्रदर्शनात पाटी मीच तिला वाचून दाखवली. शेठची गचांडी धरायला निघालो, तर तिनं माझं मनगट आवळलं आणि स्वतः पुढं झाली.

"बाई, लेकरं तुमची नव्हं? मंग तीट कुठं लावली, सांगा."

शेठाणीनं बाहुलीचं कपाळ पाहिलं, गाल पाहिले. "अगंबाई, बाहुलीला कुणी तीट लावतं का?"

सगळे हसले. हसणाऱ्यांत तुम्हीही होतात. मावशीनं बाहुलीच्या केसांकडं हात नेला, तोच पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

दिवाळीआधी खोकल्यानं ती गेली. शेवटच्या साच्यात ओतलेली माती तशीच वाळून तडकली आहे.

तुमच्या काचेच्या कपाटात तिची बाहुली असेल. केस उचला. डाव्या कानामागं बघा. तीट दिसली की बाहुली घेऊन शेठच्या दुकानात चला आणि भर गिऱ्हाइकांत, मोठ्यानं, त्याच्या बायकोला विचारा: तीट कुठं लावली, सांगा.