इस्त्रीवाल्या काकूंची रक्ततपासणी

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या काकू एका सुईशिवाय कशालाच भीत नसत. जड इस्त्री त्या लीलया फिरवत, उर्मट गिऱ्हाइकाला दोन शब्दांत गार करत. पण इंजेक्शनचं नाव काढलं की त्या तिथून काढता पाय घेत.

लेकीला दिवस गेले तेव्हा त्या इतक्या हरखल्या, की एकाची पँट भलत्याच्याच घरी पोचती झाली.

पण पहिल्याच तपासणीत लेकीच्या रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे बी प्रकारच्या काविळीचा विषाणू निघाला. लेकीचा विश्वासच बसेना.

"पण मला तर काहीच त्रास नाही!"

"हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ताच कळलं ते बरं झालं. बाळाला यापासून वाचवता येईल. आता घरच्यांचीही तपासणी करू."

जावयाच्या रक्तात काही निघालं नाही. त्याला लस टोचली. काकूंनी मात्र टोलवाटोलवी चालवली. आज गर्दी आहे, आज डोकं दुखतंय. शेवटी लेकीनं हाताला धरून नेलं. सुई टोचताच काकूंनी अशी किंकाळी फोडली, की बाहेर बाकावर बसलेले लोक उठून उभे राहिले.

काकूंच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. बाळंतपणात तो आईकडून लेकराकडे जाऊ शकतो हे कळल्यावर त्या दुकानात येऊन नुसत्या बसून राहिल्या.

"मीच दिलं गं तुला हे दुखणं."

"तुला तरी कुठं ठाऊक होतं? तेव्हा तुझं रक्त कुणी तपासलंच नाही." लेक शेजारी टेकली. "नाक तुझं, घोरणं तुझं, त्यात हे आणखी एक. कशाकशासाठी रुसू तुझ्यावर?"

काकूंना हसू फुटलं आणि रडूही.

मग मायलेकी जोडीनंच दवाखान्यात जाऊ लागल्या. पुढं लेकीला विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिला एक लशीचं आणि एक तयार प्रतिपिंडांचं अशी दोन इंजेक्शनं दिली, तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. लशीचे उरलेले डोसही वेळच्या वेळी झाले.

नात वर्षाची होत आली, तेव्हा तिचं रक्त तपासलं. विषाणूचा मागमूस नव्हता.

काकू तिला कडेवर घेऊन थेट दुकानात आल्या आणि घडी घातलेल्या चादरींवर बसवलं. तिनं दोन्ही हातांनी सगळ्या घड्या विस्कटल्या. एरवी काकूंनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आज म्हणाल्या, "विस्कट, माझी बाय, विस्कट," आणि चादरी पुन्हा इस्त्रीला घेतल्या.