ठुशीला पाच तारे

नोकरीतले मोठमोठे गुन्हे मी विसरत चाललो आहे, पण छत्रीबागेतल्या एका ठुशीचं प्रकरण अजून काल घडल्यासारखं आठवतं. निवृत्ती जवळ आली होती. इंदूरला ठाण्याच्या प्रमुखाला टीआय म्हणतात. मी तेव्हा टीआय होतो. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. सकाळची हजेरी आटोपून मी रोजनामचा चाळत असताना एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब, माझ्या घरी चोरी झालीय. आणि चोर मला माहीत आहे."

या वाक्याची पोलिसाला धास्ती असते. ज्याला चोर आधीच माहीत असतो तो तपासासाठी येत नाही, आमचा शिक्का घ्यायला येतो.

बाईंच्या घरची सोन्याची ठुशी त्यांच्या सासूबाईंची. दरवर्षी सणाचे दिवस ती ज्येष्ठेच्या गळ्यात असायची. यंदा सण झाल्यावर फासा सैल वाटला म्हणून बाई ती घेऊन सराफ्यात गेल्या. सराफाने कसोटीवर घासली आणि हळूच म्हणाला, "बहनजी, ये सोना नहीं है, पॉलिश है." कुणीतरी खरी ठुशी काढून घेऊन तिथे हुबेहूब खोटी ठेवली होती. इतकी हुबेहूब की खऱ्या ठुशीत डावीकडे एक मणी पूर्वीपासून दबलेला होता, तोही हिच्यात दबलेला.

त्यांचा संशय स्वयंपाकाच्या मावशींवर होता. देवीला साडी नेसवायला, दागिने घालायला वर्षानुवर्षं त्याच मदत करायच्या. "घरात मी, सून आणि मावशी. मुलगा नोकरीला पुण्याला. तुम्हीच सांगा, राहिलं कोण? आणि मी सगळ्यांना सावधही केलंय," असं म्हणून बाईंनी फोन पुढे केला. देवीच्या निऱ्या नीट करत हसणाऱ्या मावशींचा फोटो, खाली 'सावधान, ही बाई दागिने बदलते.' गल्लीतल्या बायकांचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, समाजाचा ग्रुप, सगळीकडे गेलेला. मला संताप आला. तपासाचा पत्ता नाही आणि निकाल गावभर.

मी निरोप पाठवण्याआधीच मावशी ठाण्यात आल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, घराची तलाशी घ्या, मला काय विचारायचं ते विचारा, पर वो फोन वाला आधी हटवा. सकाळपासून माझी घरं सुटतायत. एकीने तर दारातूनच सांगितलं, कल से मत आना. मी कोणाकोणाला समजावू?" त्यांचं पोट त्या घरांवर होतं. चोर सापडायला उशीर झाला तर त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

मला मात्र दुसरंच कोडं पडलं होतं. इतकी सही नक्कल करायची तर खरा दागिना कारागिराच्या हाती हवा, साचा हवा, वेळ हवा. सकाळी येऊन पोळ्या लाटून जाणारी बाई हे सगळं कधी करणार? मी खोटी ठुशी टेबलावर ठेवून बघत बसलो. आमच्या महिला आरक्षकाने, म्हणजे कॉन्स्टेबलने, तिचा फोटो काढला, फोनवर शोधला आणि थोड्याच वेळात म्हणाली, "सर, ये देखो, ही तर ऑनलाइन बिकतेय."

'राजेशाही ठुशी, घरपोच.' खाली गिऱ्हाइकांनी हौसेने टाकलेले फोटो. कुणी लग्नात, कुणी ऑफिसच्या पार्टीत, आणि प्रत्येकीच्या गळ्यात डावीकडे तोच एक दबलेला मणी! माळव्यातल्या कितीतरी बायका एका घराण्याची जुनी खोट मोठ्या दिमाखात मिरवत होत्या. मला हसू आवरेना.

ते पेज मल्हारगंजातल्या नकली दागिन्यांच्या एका दुकानदाराचं निघालं. त्याला बोलावलं, चहा दिला. चहा पोटात गेला की माणूस जरा सैल होतो, हा माझा अनुभव.

"भिया... मतलब, साहब, चोरी का माल नहीं है. सिर्फ डिझाइन है."

"डिझाइन कुठून आणलं?"

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "भादों में आप मराठी लोग महालक्ष्मी के फोटो डालते हो ना, बस वहीं से. पूरा घर सोना निकालता है उस दिन." लोक त्या फोटोंत देवीचे मुखवटे बघतात, आरास बघतात. हा गडी बोटांनी फोटो मोठा करून फक्त गळे बघायचा. त्याच्या वर्षभराच्या धंद्याची बेगमी त्या दोन-तीन दिवसांत व्हायची. दबलेला मणी त्याला नक्षीचाच भाग वाटला होता. "गिऱ्हाइकों को वही पसंद आया साहब, बोलते हैं पुराना लगता है." त्याने मूळ फोटो दाखवला. गेल्या वर्षीचा, बाईंच्याच घरचा, सुनेने टाकलेला.

नकलेचा उलगडा झाला. पण ती नक्कल बाईंच्या घरात आली कशी? दुकानदार तर त्या गल्लीत कधी गेलाही नव्हता. आरक्षक तोवर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचत होती. एकदम थांबली. नावाच्या जागी नुसतं फुलाचं चित्र, त्यापुढे पाच तारे आणि मजकूर: 'हुबेहूब. आमच्या घरच्या ठुशीतला दबलेला मणीसुद्धा तसाच. कोणाला ओळखू येणार नाही.'

"सर," ती म्हणाली, "जिने हे लिहिलं, तिने असली, खरी ठुशी हातात घेतलेली आहे."

संध्याकाळी आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. काही न बोलता मी तो अभिप्राय सुनेपुढे धरला. तिने वाचला आणि सासूबाईंकडे वळली.

"मीच मागवली. असली माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. मागच्या साली फोटो टाकला आणि ओळखीचे ना पाळखीचे लोक दर्शनाला आले. एकाने तर विचारलं, कितने तोले की है? तेव्हापासून डर बसला. मग एक दिवस फोनवर आपलीच ठुशी बिकताना दिसली. वाटलं, यंदा ही घालू. आई, तुम्ही देवीला पितळ घालू दिलं असतं का?"

बाईंनी तो अभिप्राय स्वतः वाचायला फोन हातात घेतला.

"मग मावशींचं नाव आल्यावर का बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तोवर त्यांचा फोटो सगळीकडे गेला होता. सांगणार होते, हिंमत नाही झाली." आता ती रडायला लागली होती.

"आणि इतकं लपवायचं होतं, तर हे लिहिलंस कशाला?"

"सर, ते पेज रोज विचारायचं, खरेदी कशी वाटली, कशी वाटली. सवयीने लिहून गेले." अट्टल गुन्हेगारांकडून कबुली काढताना माझा घाम निघाला आहे. ही कबुली कुणी न मागता, वर पाच तारे लावून मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष लॉकर उघडला, ठुशी जागेवर होती. बाईंनी अर्ज मागे घेतला. गुन्हाच नव्हता, प्रकरण संपलं.

"म्हणजे मी सुटले?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही अडकलाच नव्हतात."

"मग माझी घरं?"

बदनामीचा दावा करता येईल, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोर्टात जाऊ की पोळ्या करू, साहेब?"

मुख्याध्यापिका मनापासून खजील झाल्या होत्या. माझ्यासमोरच त्यांनी मावशींना शेजारी बसवलं, दोन्ही ठुशा हातात घेऊन फोटो काढवला आणि स्वच्छ शब्दांत माफी लिहून प्रत्येक ग्रुपवर पाठवली. आम्ही सगळे उत्तराची वाट बघत बसलो. पहिलं उत्तर आलं: 'काकू, नकली कुठून घेतली? लिंक पाठवा ना.' दुसरं आलं: 'वाह, फरकच कळत नाही!'

"काय म्हणतायत?" मावशींनी विचारलं.

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "चला मावशी. आधी कोणाकडे जायचं?" त्या दोघी पायीच निघाल्या. मला त्या क्षणी बाईंबद्दल आदर वाटला.

बहुतेक घरांनी मावशींना परत घेतलं. एकीने नाही. मुख्याध्यापिका तिच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या की मीच चुकले, तो मेसेज माझाच होता. त्यावर ती म्हणाली, "आंटी, सिर्फ आपका थोड़ी था, हमें तो तीन-चार ग्रुप में आया था."

साक्षीदार कितीही असले, तरी प्रत्येकाने स्वतः पाहिलं की सगळ्यांनी एकाचंच ऐकलं, हे आधी विचारायचं, हे मी नव्या शिपायांना नेहमी शिकवत आलो. आता तो प्रश्न मी घरी बसून, फोन हातात घेतला की, स्वतःला विचारतो. मावशींचं ते घर मात्र गेलं ते गेलंच.