ओहोटीचा सल्ला

माझा भाऊ दौलत पर्यावरण सल्लागार आहे. ठाण्यात ऑफिस, दारावर पाटी, आणि भाषणं तर विचारूच नका! "कंपनी जगली तरच ती गावाला जगवील," असं तो म्हणतो नि लोक टाळ्या पिटतात. मेल्यांना काय माहीत!

आम्ही कोपरच्या खाडीवरचे कोळी. बापाने दौलतला लहानपणीच तिथीवरून भरती-ओहोटी काढायला शिकवलेलं. पुढे तो केमिस्ट्री शिकला आणि डोंबिवलीतल्या एका रंगाच्या कारखान्याने त्याला उचललं. तपासणीवाले खाडीचं पाणी बाटलीत भरून न्यायचे. दौलत त्यांना बरोबर ऐन भरतीला आणायचा. एवढ्या पाण्यात विष कुठलं सापडतंय! टाकीतलं अ‍ॅसिडचं पाणी मात्र ओहोटीला नाल्यात सोडायचं, म्हणजे खाडीतून परस्पर वाहून जातं. मालक खूश. आमची आई सगुणा गावभर सांगत सुटायची, "माजा पोर सायब झाला!"

एकोणनव्वद सालची नारळी पुनव. टाकी काठोकाठ भरलेली. दौलतने मालकाला सल्ला दिला, "दुपारी भरतीला नारळ वाहिला की गाव नाचण्या-जेवण्यात असतं. खाडीत कुणी उतरत नाही. ओहोटीला खुशाल सोडा."

इकडे आईने त्याच्या नोकरीसाठी नवस बोललेला, की सोनेरी कागदातला नारळ दौलतच्याच हातून वाहवीन. सगळ्यांचे नारळ वाहून झाले, ही आपली धक्क्यावर बसून.

"आई, वाहून टाक. तो काय येत नाही आता."

"येल गो मालन. सबूद दिलाय त्यानं."

महाशय तिकडे टाकीच्या व्हॉल्व्हपाशी उभे! वैतागून मी घरी जेवण वाढायला गेलेली. पाणी हटलं, नुसता गाळ उरला. नवस चुकला तर पोराची नोकरी जाईल, या धास्तीने आई नारळ उराशी धरून नाल्याच्या तोंडाशी उतरली, गाळातून पाण्यापर्यंत जायला. ओरडणं ऐकून मी धावले. तिच्या दोन्ही पायांची कातडी गुडघ्यापर्यंत सोलवटलेली. नारळ मात्र तिने वाहिलेला.

दौलत इस्पितळात आला. पाय बघितले आणि बोलून गेला, "अगं, आज तिथे कुणी नसतं ना! म्हणून तर सोडायला सांगितलं मी!"

मी त्याच्या थोबाडीत मारली. आई गुंगीत होती, तिने काही ऐकलं नाही. नंतर मीही तिला सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार?

तिला साखर होती. डावा पाय कसाबसा भरला, उजवा चिघळत गेला, शेवटी मांडीपासून कापला.

दौलतला वाटलं असेल वाईट. रडला तेव्हा. पण मग नोकरी सोडून सल्लागार झाला आणि त्याच मालकाला पहिलं गिऱ्हाईक केलं! चौऱ्याण्णवला त्याने गावात मंडप घातला. कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणून गाळात उतरणाऱ्या बायकांना गमबूट. पहिला जोड आईला, फोटोसाठी.

आईने डावा बूट घातला. उजवा हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि दौलतला म्हणाली, "पोरा, ह्यो परत घे. कुना गरिबाच्या कामी येल."

फोटोवाला घाई करत होता. दौलतने तो बूट घेतला आणि आईच्या मांडीखाली नीट उभा धरला, पाय नाही हे दिसू नये म्हणून. तो फोटो त्याच्या ऑफिसात लावलाय.