दुसरी किल्ली

आई नवी पेठेतल्या एका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाली आणि मंद्रूपजवळच्या आमच्या गावी जाऊन थेट सरपंचपदाला उभी राहिली. मला घामच फुटला. जिनं आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज परत पाठवले, तिला मत देणार कोण?

देवळापुढच्या सभेत पलीकडच्या गल्लीतले एक मिशाळ काका उठले. "म्याडम, बँकवाल्यावर इस्वास कसा ठिवायचा? उद्या पाणी बी आपल्याच गल्लीत सोडाल की!" लोक हसले. आमच्याकडे नळाला पाणी गल्लीगल्लीनं, पाळीनं येतं. पण व्हॉल्व ज्याच्या हातात, त्याची गल्ली कधी कोरडी राहत नसे.

आई म्हणाली, "नका ठेवू विश्वास. बँकेनंही माझ्यावर ठेवला नाही. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी कॅशियरकडे. एकटीला ती कधी उघडताच आली नाही. निवडून आले तर व्हॉल्वच्या झाकणाला दोन कुलपं लावीन. दुसरी किल्ली तुमच्याकडे."

ती निवडून आली, काठावर का होईना. कुलपं लागली. ज्यांनी तिला मतही दिलं नसावं, ते काका रोज सकाळी किल्ली घेऊन हजर!

पुढं माझ्या लेकीचं बारसं माहेरी ठरलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, टाकी रिकामी आणि पाळी उद्याची. सरपंचाच्या घरात पाणी नाही म्हणजे काय, असं म्हणून मावश्यांनी मला भरीला घातलं. आईची किल्ली उचलून मी तणतणत काकांकडे गेले. अर्धा तास पाणी सोडा म्हटलं.

"ताई, तुमचा मान हाय. पर आज तुमची पाळी न्हाय की."

रागानं लाल होऊन मी आईला येऊन सांगितलं.

"नाही म्हणाले? तोंडावर?" तिनं पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि मग खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. लगेच स्वतःच्या पैशानं टँकर मागवला. माझा राग कुठल्या कुठं गेला. इतका अभिमान मला तिच्या विजयाच्या मिरवणुकीतही वाटला नव्हता.

संध्याकाळी काका झबलं घेऊन आले, जरा अवघडूनच. आईनं त्यांना हाताला धरून पुढं बसवलं आणि सगळ्या पाहुण्यांना ओळख करून दिली, "हे आमच्या गावचे कॅशियर."