गुडघ्याची पाचवी

तेरहून धाराशिवच्या शाळेत मी एसटीनं जाते. गाडीची पहिली पायरी उंच. स्कूटरवरून पडल्यापासून माझा उजवा गुडघा तेवढं चढायला तयार नव्हता. आतल्या कूर्चेला खड्डा पडला होता. पायरी जमली नसती तर नोकरी सोडावी लागली असती, आणि घरी बसणं माझ्या स्वभावात नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्या खड्ड्यात मूळपेशी भरल्या. कुणा बाईनं बाळंतपणानंतर दान केलेल्या नाळेतून वाढवलेल्या. कूर्चा भरून यायला मदत होईल, हमी नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी गणित शिकवते, मला असं सरळ बोलणं आवडतं.

घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं, ही माझी चूक.

"कुणाची नाळ?"

"ते सांगत नाहीत, आत्याबाई."

"परक्याची नाळ घरात आली आन् तू इचारलं बी न्हाय?"

आमच्याकडं नाळ अंगणात पुरतात. माझ्या मुलीची त्यांनीच लिंबोणीखाली पुरली होती. मुलगी चौथ्या दिवशी गेली. सव्वीस वर्षं मी त्या झाडाला वळसा घालून जाते.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी, दिवेलागणीला, सासूबाईंनी माझ्या पलंगाशी पाटा मांडला. हळदकुंकू, दिवा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून पेन आणि कोरा कागद. गुडघ्याची पाचवी! मला हसूच आलं. मग कागद नीट पाहिला. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला.

"हा कुठला?"

"तवाचाच. आपल्या पोरीसाठी आणलेला. तिची पाचवी झालीच न्हाय."

"उचला ते!" मी ओरडले. त्यांनी उचललं नाही. पट्टीखाली गुडघा गरम लागत होता. सूज होती, मला माहीत होतं. तरी माझा हात त्याला थोपटत होता, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

सकाळी कागद कोराच होता. मी तो उलटून दोनदा पाहिला.

वर्षभरानं काठी सुटली. त्या सकाळी एकटीच थांब्याकडं निघाले आणि वळसा न घालता थेट लिंबोणीखाली जाऊन उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही. ओट्यावर बसलेल्या सासूबाई माझ्या तोंडाकडं नाही, गुडघ्याकडं बघत होत्या.

"वरसाचं झालं," त्या म्हणाल्या. "चालाय लागलं बघ लेकरू."

एरवी मी चिडले असते. रडूच आलं.

एसटी आली. उजवा पाय पायरीवर टाकताना मी हळूच म्हणाले, "सांभाळून." आणि तो चढला.