कवळीत दोष नव्हता

दातांच्या डॉक्टरांसमोर लोक आ करून बसतात. कवळी बनवणाऱ्याचं तोंडही कुणी पाहत नाही. डॉक्टरांनी घेतलेला जबड्याचा ठसा जिन्यावरून खालच्या खोलीत येई. तिथं हा कारागीर त्यात प्लास्टर ओती, गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवी, त्यांत एकेक दात उभा करी आणि आठवड्याभरात कुणाचं तरी हसणं डबीत घालून वर पाठवून देई. खोलीला एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून दिवसभर लोकांच्या चपला-बुटांची ये-जा तेवढी दिसे. उमेदीची सारी वर्षं त्यानं इथंच काढली. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारात गेली. मग थोरली बहीण चार दिवस सोबतीला म्हणून आली, ती राहिलीच. ताईच्या मते तो माणसांपेक्षा जबड्यांत जास्त रमायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

मित्र दोनच, दोघंही शाळेपासूनचे, आणि त्याला ‘कवळी’ हे नाव त्यांनीच चिकटवलेलं. एक जण जमीनमोजणीच्या खात्यात होता. नकाशे काढून काढून बसायचाही असा ताठ, की त्याचं नाव काटकोन पडलं. दुसरा भोंगा.

भोंगा जुन्या सामानाच्या लिलावघरात बोली पुकारायचा. आवाज असा खणखणीत, की मागच्या रांगेत डुलक्या काढणारा दचकून हात वर करी आणि नको असलेलं कपाट घेऊन घरी जाई. जिभेला हाड नव्हतं त्याच्या. साहेब असो, सासरा असो, तोंडावर बोलून मोकळा.

इटालियन जेवणाचं खूळ त्याचंच. एकदा एक इटालियन रेस्टॉरंट बंद पडलं आणि तिथल्या सामानाचा लिलाव भोंग्यानं जागेवरच पुकारला. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. शेवटी म्हाताऱ्या मालकानं उरलेल्या एका पातेल्यात स्पॅगेटी उकडली आणि जमलेल्या सगळ्यांना उभ्याउभ्या खाऊ घातली. भोंगा त्या दिवशी जो पाघळला, तो पाघळलाच. लगेच फतवा निघाला: महिन्यातली एक संध्याकाळ तिघांची, आणि दर वेळी वेगळं इटालियन रेस्टॉरंट.

“शहरातली सगळी संपवायची,” तो म्हणाला होता, “आणि मग पुन्हा पहिल्यापासून!”

कितीतरी पालथी घातली त्यांनी. कुठं मेणबत्तीच्या उजेडात ताटात काय आहे तेच दिसेना, कुठं टेबलं इतकी चिकटून, की शेजारच्याचा घास आपल्या तोंडात जाईल. काटकोन पिझ्झाचे तुकडे सारखे कापलेत का ते आधी निरखून बघे. कवळी मऊ भाताचा रिझोटो घेई. “दात बनवणाऱ्याचाच दातांवर भरवसा नाही,” म्हणून भोंगा वेटरपुढं त्याची अब्रू काढी. स्वतः मात्र मेनूकार्ड उघडतसुद्धा नसे. त्याला स्पॅगेटीच लागे. ती काट्याला गुंडाळून तो हात उंच धरी, लोंबणाऱ्या शेवया डोलवी आणि एका दमात तोंडात ओढून घेई.

मध्यंतरी हिरड्यांच्या दुखण्यानं भोंग्याचे वरचे सगळे दात गेले, तेव्हा कवळीनंच त्याची कवळी केली. आजवरचं सगळ्यात चांगलं काम. बसवल्यावर भोंग्यानं डॉक्टरांच्या खोलीत अशी आरोळी ठोकली, की बाहेर थांबलेली एक बाई नंबर सोडून घरी गेली.

त्यानंतर दोनेक वर्षं बरी गेली.

मग एकदा, नदीकाठच्या एका बुटक्या छपराच्या रेस्टॉरंटात, भोंग्याच्या ओठांतून स्पॅगेटी निसटली. शर्टावर लाल ओघळ आला. तिघंही हसले. भोंगा पाणी प्यायला, आणि त्याला ठसका लागला. साधा नव्हे. डोळे बाहेर येईपर्यंत खोकला तो. काटकोन पाठ थोपटत राहिला.

श्वास जाग्यावर आल्यावर भोंगा म्हणाला, “कवळ्या, लेका, तुझे दात ढिले झालेत.”

दुसऱ्या दिवशी कवळीनं त्याला खाली खोलीत बोलावलं. दात काढून पाहिले, पुन्हा बसवले, अंगठ्यानं ओढून बघितले. हलेनात. टाळूला असे धरून बसले होते, की निघताना चपक असा आवाज आला. तरी मित्राच्या समाधानासाठी त्यानं कडेला दोन वेळा कानस फिरवली.

“आता?”

“आता बेस्ट,” भोंगा म्हणाला. पण त्याचा ‘स’ कुठंतरी घसरला. ‘बेश्त’ म्हटल्यासारखा.

पुढच्या महिन्यात भोंग्यानं स्पॅगेटी मागवलीच नाही. “कंटाळा आला त्या दोरखंडांचा,” म्हणाला आणि लझान्या मागवला. खायला त्याला फार वेळ लागत होता. कवळीचं लक्ष नको तिथं जात होतं: भोंग्याचा डावा गाल फुगलेला होता आणि तो मधूनमधून गुपचूप बोट घालून आतला घास काढत होता. तेवढ्यात काटकोनानं त्याच्या साहेबाचा एक किस्सा सांगितला. किस्सा बेताचाच. पण भोंगा हसायला लागला, आणि हसतच राहिला. काटकोनही आधी खूश झाला. मग त्याचा चेहरा उतरला. भोंग्याला थांबता येत नव्हतं. तोंड हसत होतं, गालांवरून पाणी वाहत होतं आणि डोळे, कवळीला तेच पुढं कित्येक दिवस दिसत राहिले, ते डोळे भेदरलेले होते.

वेटर आला. भोंग्यानं काटकोनासाठी आणखी एक वाइन मागितली. त्याचे शब्द एकमेकांत लडबडले. वेटर अदबीनं वाकून काटकोनाला म्हणाला, “साहेबांना आता पुरे झालं असेल.”

भोंग्याचा पहिला ग्लाससुद्धा अजून भरलेलाच होता.

“कुणाला पुरे झालं?” काटकोन उसळला. “तो प्यालेला वाटतो तुम्हाला?”

भोंग्यानं त्याचा हात दाबला आणि नुसती मान हलवली. शहराला उठवणारा माणूस, आणि एका वेटरला उत्तर देईना.

चारच दिवसांनी भोंग्याची बायको कवळीच्या खोलीत आली. वहिनी एवढ्या वर्षांत कधी तिथं आल्या नव्हत्या. शेल्फावर रांगेनं मांडलेले जबडे बघून क्षणभर दारातच थबकल्या.

“भावजी, तुम्हाला म्हणून सांगते. हे मोरीचं दार लावून आकडे म्हणत बसतात. पाढे म्हणावेत तसे. परवा लिलावघरात मोठ्या वस्तूंची बोली पुकारायला यांच्याऐवजी दुसऱ्या माणसाला उभं केलं. घरी आल्यावर जेवले नाहीत. विचारलं तर म्हणतात, कवळ्या नवीन दात करून देणार आहे, मग सगळं ठीक होईल.” त्या थांबल्या. “होईल ना?”

“त्याला पाठवा,” कवळी म्हणाला.

भोंगा आला तो घाईतच. “घे ठसा, चल.”

ठसा घेणं हे काम वरच्या डॉक्टरांचं, पण दुपारची वेळ होती, डॉक्टर जेवायला गेले होते आणि मित्रच होता. कवळीनं जुनी कवळी काढून घेतली, दिवा जवळ ओढला. “आ कर.”

आजवर त्यानं हजारो जबडे हाताळले होते, पण प्लास्टरचे. प्लास्टरच्या जबड्याला जीभ नसते. भोंग्याची जीभ तोंडात स्वस्थ पडली होती, आणि तरी स्वस्थ नव्हती. कडा आत गेलेल्या, जशी पाण्याविना सुरकुतलेली पालेभाजी. आणि वरच्या कातडीखाली काहीतरी सळसळत होतं. इथं, तिथं, पुन्हा इथं. ओल्या कापडाखाली मुंग्या फिराव्यात तसं.

“जीभ हलवू नकोस.”

“ह... हलवत नाहीये.”

कवळीनं ठशाचं सामान बाजूला सारलं. त्यानं दिवा विझवला.

डॉक्टर जेवून आल्यावर तो जिना चढून वर गेला आणि पाहिलं ते सांगितलं. डॉक्टरांनी टेबलाचा खण उघडला. मग एका कागदावर मोठ्या इस्पितळातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांचं नाव लिहून म्हणाले, “आजच्या आज जायला सांगा.”

“काय असेल?”

“मी दातांचा डॉक्टर. जायला सांगा.”

भोंगा कसला ऐकतोय! तो खालच्या खोलीत हातपाय पसरून बसला आणि अडखळत म्हणाला, “आधी दात कर. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे जातो.”

“दातांत काही नाही.”

“तुझं काम तुला वाईट म्हणवत नाही, एवढंच.”

“दातांत दोष असता तर दहा कवळ्या केल्या असत्या,” कवळी म्हणाला. “पण मी नाही करणार. तू आधी जा. आल्याशिवाय मी मेणाला हातसुद्धा लावणार नाही.”

भोंगा उठला. जुनी कवळी त्यानं टेबलावरून उचलली, खिशात टाकली आणि काहीतरी म्हणाला. नेहमीची सणसणीत शिवी असणार. पण दातांविना, त्या जिभेनं, ती नुसती ओली फुसफुस होऊन बाहेर पडली. दोघांनाही ते कळलं. भोंगा जिना चढून गेला. खिडकीतून त्याचे बूट जाताना दिसले. डावा पाय जरा घासत होता की काय, कवळीला नक्की सांगता येईना.

त्या महिन्यात कवळी आणि काटकोन दोघंच जेवायला गेले. टेबल तिघांचं राखून ठेवलेलं. वेटर दोनदा विचारून गेला, “तिसरे साहेब येताहेत ना?” काटकोनानं पिझ्झाकडे बघितलंसुद्धा नाही. अर्धं तसंच टाकून दोघं उठले.

शेवटी वहिनींनीच भोंग्याला ओढत इस्पितळात नेलं. सुया टोचल्या, तारा लावल्या, आठवडाभर थांबायला लावलं. मग काय ते समजलं. हालचालींचा हुकूम पोचवणारे मज्जातंतू सुकत चालले होते. सुरुवात जिभेपासून झाली होती. मग घसा, मग हात, पाय, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार. परत फिरवणारं औषध नाही.

वहिनी हे सांगत असताना भोंगा शेजारीच बसला होता. त्यानं कवळीकडे बोट केलं, मग स्वतःच्या वरच्या दातांकडे, आणि अंगठा वर केला. दात चांगले आहेत, असं. कवळीला तिथं थांबवेना. पाणी आणतो म्हणून तो आत गेला आणि उगाचच नळ सोडून उभा राहिला.

त्यानंतर तिघं एकदाच बाहेर जेवले, वहिनीही सोबत होत्या. हट्ट भोंग्याचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वहिनींनी त्याच्या सुपात दाट करणारी पूड ढवळली, कारण पातळ तेवढं त्याला वैरी झालं होतं. त्यानं एकेक चमचा मान खाली घालून, नेटानं गिळला. पाचवा की सहावा चमचा उलटा फिरला. चेहरा निळसर झाला, खुर्ची पडली, कुणीतरी किंचाळलं. स्वयंपाकघरातून आचारी धावत आला आणि त्यानं भोंग्याला मागून कवटाळून पोटावर दाब दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा घास बाहेर पडला. काटकोन भिंतीला टेकून उभा होता, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाकलेला होता.

मग अन्नासाठी थेट पोटात नळी बसवली. भोंग्याचं तोंडानं खाणं संपलं.

पण महिन्याची संध्याकाळ त्यानं सोडू दिली नाही. आता कवळी आणि काटकोन इटालियन रेस्टॉरंटातून डबे बांधून त्याच्या घरी नेत. बाहेरच्या खोलीत वहिनी आणि ते दोघं जेवत. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, आणि आत पलंगावर भोंगा. त्याला खायचं नव्हतं, ऐकायचं होतं. पहिल्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरेना, कुणी बोलेना. तेव्हा आतून धप्प असा आवाज आला. भोंगा पलंगाच्या फळीवर मूठ आपटत होता. काटकोनानं घाईघाईनं तोच साहेबाचा किस्सा मोठ्यानं सुरू केला. आवाज थांबला. मग तीच रीत पडली: बोलणं मंदावलं की फळीवर मूठ.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तिघं बोलता बोलता थांबले आणि वाट पाहू लागले. आतून काही आलं नाही. वहिनी हातातला घास तसाच ठेवून उठल्या. त्या दिवशी तो नुसता झोपला होता. पण हात उचलण्याचं बळ त्याच झोपेत कधीतरी गेलं, ते गेलंच. नंतरचे तीन आठवडे तो डोळ्यांनीच काय ते बोलला, आणि एका दुपारी श्वास थांबला.

कवळी दुसऱ्या दिवशी कामावर गेला. वरून ठसे येतच होते. काटकोन अधूनमधून येतो, खिडकीपाशी बसतो. बाहेर जेवायला जाऊ, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

सकाळी दाढी करायच्या आधी कवळी दिवा लावतो, आरशाला नाक लागेल इतका जवळ जातो आणि जीभ बाहेर काढून बघत राहतो. एकदा ताई मागं येऊन उभी राहिलेली त्याला कळलंच नाही.

“कुणाला वेडावतोयस रे, या वयात?”

“कुणाला नाही,” तो म्हणाला. त्यानं जीभ आत घेतली.

ताई गेल्यावर त्यानं दार ओढून घेतलं आणि पुन्हा जीभ बाहेर काढली. खूप वेळ बघत राहिलं, तर कुठलीच जीभ अगदी स्थिर अशी राहत नाही.